चौकशी समितीचा अध्यक्ष मीच

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. सप्टेंबरात कसली डायरी सुरू करता असं ही म्हणाली. सुधारायला जानेवारीच लागतो असं नाही, मी तिला सुनावलं.

डायरी देखणी आहे. जाड कागद, मधे रेशमी फीत. डिंक पुरवणाऱ्या कंपनीने दिलेली. आता कुणी म्हणेल, पुरवठादाराकडून भेटवस्तू घेणं बरं नव्हे. पण डायरी जानेवारीत आली आणि आमची नवी आचारसंहिता आजपासून लागू झाली. शिवाय डिंकाची खरेदी खरेदीवाला मॅनेजर करतो. मी डिस्पॅचचा. खोकी तयार झाली की गाडीत चढवून रवाना करायची, एवढाच माझा संबंध. मला डिंकवाल्याने डायरी दिली ती निव्वळ प्रेमापोटी.

आचारसंहिता हेड ऑफिसकडून आली आहे, खास मॅनेजरांसाठी. प्रामाणिकपणा, पारदर्शकता, हाताखालच्या लोकांशी न्यायाने वागणे, आपल्या निर्णयांची जबाबदारी घेणे. हसू आलं. हे मला सांगतायत. मी या खोक्यांच्या कारखान्यात केस पांढरे केले आणि आजवर माझ्यावर ठपका नाही. एक होता, तो मागे घेतला गेला.

संकल्प: संहितेतलं रोज एक कलम आचरणात आणणे. कुणापुढेही न झुकणे. संहिता पूर्ण वाचणे.

३ सप्टेंबर, मंगळवार.

आज प्रामाणिकपणाचं कलम. दिवसभर प्रामाणिक राहिलो. तसा प्रसंग काही आला नाही.

संध्याकाळी एचआर बाईंची मेल. प्रत्येक मॅनेजरने नीतिमत्तेचा ऑनलाइन व्हिडिओ पाहायचा आणि वीस प्रश्नांची परीक्षा द्यायची. ‘प्रत्येकाने स्वतः’ हे शब्द ठळक केलेले. या वयात परीक्षा. निषेध म्हणून मेल वाचून तशीच ठेवून दिली.

५ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी.

परीक्षा दिली. म्हणजे टेपला द्यायला लावली.

टेप म्हणजे माझा असिस्टंट. त्याला त्याचं नाव आहे, पण कारखान्यात ते कुणी घेत नाही. कुठे काही फाटलं की हा चिकटवतो, म्हणून टेप. गाडी उशिरा आली, माल भिजला, ग्राहक फोनवर ओरडतोय, टेपला हाक मारायची. सात वर्षं तात्पुरता आहे. दर तीन महिन्यांनी मुदत वाढवायची. त्याला कायम करा अशी शिफारस मी दरवर्षी करायचं ठरवतो, यंदा केलीसुद्धा. त्याची बायको बाळंत व्हायची आहे. कायम झाला तर दवाखान्याचा खर्च कंपनी करते, म्हणून तो जरा घायकुतीला आलाय. होईल, मी आहे ना, असं सांगितलंय.

परीक्षेचं म्हणाल तर यात गैर काय? काम योग्य माणसावर सोपवणं हाच मॅनेजरचा धर्म. मी शेजारीच बसलो होतो, म्हणजे बराच वेळ. प्रश्न तो मोठ्याने वाचत होता. एक प्रश्न आला: हाताखालच्या माणसाने तुमच्या सांगण्यावरून चूक केली तर जबाबदार कोण? म्हटलं थांब, हा मी सोडवतो. पर्याय ब, तो माणूस. त्याला स्वतःचं डोकं नको का? टेप काहीतरी बोलणार होता, पण माझा चेहरा बघून त्याने ब दाबलं.

वीसपैकी एकोणीस. चुकला तो तेवढाच. उत्तरं काढणाऱ्यांचीच चूक असणार. हेड ऑफिसला खरमरीत कळवतो. टेपला मसुदा करायला सांगितला आहे.

९ सप्टेंबर, सोमवार.

ऐतिहासिक दिवस.

एचआर बाई स्वतः माझ्या केबिनमध्ये आल्या. आम्ही सात मॅनेजर. बाकी सहा जणांना वीसपैकी वीस. एकट्या मला एकोणीस. मी स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या की त्यांना त्या सहा पेपरांचा भरवसा वाटत नाही, व्हिडिओसुद्धा न पाहणाऱ्यांना पैकीच्या पैकी कसे पडतात. माझा एकट्याचा पेपर माणसाने स्वतः बसून, डोकं खाजवून सोडवल्यासारखा वाटतो. म्हणून या युनिटचा नीती अधिकारी मी.

मी नम्रपणे मान खाली घातली. खोटं एक अक्षर बोललो नाही. बाई ‘वाटतो’ म्हणाल्या. त्यांना काय वाटावं हे मी कोण ठरवणार?

घरी आल्या आल्या हिला सांगितलं. ही हॉस्पिटलात मुख्य नर्स आहे, सहसा हसत नाही. आज भाजी परतताना गॅस बंद करून हसली. मग डोळे पुसत विचारलं, परीक्षा तुम्ही स्वतः दिली होती का? म्हटलं, मुख्य प्रश्न मीच सोडवला.

११ सप्टेंबर, बुधवार.

दारावर ‘नीती अधिकारी’ अशी पाटी लागली. टेपनेच करून आणली, चांगल्या पाच थरांच्या पुठ्ठ्यावर. सातव्या कलमाप्रमाणे कंपनीचं साहित्य खासगी कामाला वापरता येत नाही, पण पद कंपनीचं, दार कंपनीचं. घरच्या माळ्यावर सामान ठेवायला मी कधीमधी खोकी नेतो, तीही टिकाऊपणा तपासायलाच.

कामाला सुरुवात धडाक्यात. खरेदीवाल्याच्या केबिनमध्ये जाऊन डिंकवाल्यांचं कॅलेंडर भिंतीवरून काढायला लावलं. तत्त्वाशी तडजोड नाही, बजावलं. त्याने निमूटपणे काढलं. मग काही कामानिमित्त माझ्या केबिनमध्ये आला आणि टेबलावरच्या या डायरीकडे बघत राहिला. मी तिच्यावर फाइल ठेवली. दुसऱ्याच्या टेबलावर डोकावणं हेही संहितेत बसत नसावं.

मुख्य फाटकाजवळ तक्रारपेटी ठेवली. खोकंच, वरून चीर पाडलेलं.

१६ सप्टेंबर, सोमवार.

पेटीत पहिली तक्रार. निनावी, संगणकावर छापलेली. ‘काही मॅनेजरांनी नीतिमत्तेची परीक्षा स्वतः दिलेली नाही. चौकशी व्हावी.’

वाचून अंगाचा तिळपापड झाला. नीतिमत्तेच्या परीक्षेत लबाडी. म्हणजे लाज उरली नाही कुणाला. ताबडतोब एचआर बाईंकडे गेलो आणि चौकशी समितीची मागणी केली. त्यांनी तिथल्या तिथे नेमली. अध्यक्ष मी, सदस्य त्या.

बाहेर आल्यावर क्षणभर मनात काहीतरी आलं. पण तक्रारीत ‘काही मॅनेजर’ असं म्हटलंय. माझ्याबद्दल म्हणायचं असतं तर ‘नीती अधिकारी’ म्हटलं असतं. परीक्षेच्या वेळी माझी नेमणूक झाली नव्हती, हा मुद्दा वेगळा.

१८ सप्टेंबर, बुधवार.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावून कुणी कुठून परीक्षा दिली ते काढायला लावलं. निकाल धक्कादायक. सातही परीक्षा एकाच मशीनवरून. डिस्पॅच विभाग, खिडकीजवळचं टेबल. टेपचं.

संताप, संताप. माझा माणूस, माझ्या विभागाचा वेळ, आणि बाकीचे सहा जण माझ्या नकळत त्याला वापरतात. मॅनेजर म्हणवतात. टेपला बोलावून फैलावर घेतला. तो म्हणाला, साहेब, तुमचं झालं तसं त्यांनी पण सांगितलं, मी केलं. नाही कसं म्हणणार, मुदत वाढवायच्या कागदावर त्यांच्याही सह्या लागतात. ते मी सोडून दिलं. पण त्यांना वीसपैकी वीस आणि मला एकोणीस, हे कसं, असं विचारलं. म्हणाला, साहेब, ते मधे बोलले नाहीत.

उद्धटपणा. पण काम चांगलं करतो म्हणून कानाडोळा केला.

२० सप्टेंबर, शुक्रवार.

एचआरचा अन्याय बघा. टेपला कायम करायची शिफारस मंजुरीच्या शेवटच्या टप्प्यात होती, ती थांबवली. कारण काय, तर ‘चौकशी समितीचा अहवाल येईपर्यंत’. एका गरीब माणसाचं, तेही घरात बाळ यायचं असताना, हे असं अडवून ठेवायचं. माझ्या हाताखालच्या माणसावर अन्याय झालेला मी खपवून घेणार नाही. बाईंना सणसणीत मेल केली. ही फाइल नेमकी कुणाच्या टेबलावर अडकली आहे, त्या व्यक्तीचं नाव मला लेखी कळलं पाहिजे.

बाईंचं एका ओळीचं उत्तर. कृपया अहवाल लवकर द्यावा. प्रश्नाला सरळसरळ बगल. यालाच म्हणतात नोकरशाही.

टेपला ती मेल दाखवली. तुझ्यासाठी कसा भांडतोय बघ, म्हटलं. त्याने वाचली. थँक्यू साहेब, म्हणाला.

२३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी.

आज माझी खरी कसोटी लागली आणि मी तिला उतरलो.

खरेदीवाला आणि हिशेबवाला दोघे केबिनमध्ये आले आणि दार लोटून घेतलं. तेव्हाच ओळखलं. खरेदीवाला चाचरत म्हणाला की आम्ही सहा जण बोललो आहोत, त्या टेपचं नुकसान होतंय, तर आपण सगळ्यांनी मिळून एक गोष्ट करूया. मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. उभा राहिलो. म्हटलं, अध्यक्षावर दबाव आणताय? मिळून कसल्या गोष्टी करताय? ही खुर्ची विकाऊ नाही. दार उघडून धरलं. हिशेबवाला म्हणत होता की अहो, ऐकून तरी घ्या. मी ऐकलं नाही. दोघे एकमेकांकडे बघत गेले.

असे प्रसंग माणसाला घडवतात. ते काय देऊ करणार होते कोण जाणे.

२५ सप्टेंबर, बुधवार.

टेपची सुनावणी. छोटी मीटिंग रूम, एचआर बाई, मी, पाण्याचे तीन ग्लास.

त्याने सगळं कबूल केलं. हो, सातही परीक्षा मी दिल्या. बाईंनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून. तो म्हणाला, ज्यांनी सांगितलं त्यांना माहीत आहे. मी नावं घेणार नाही. सांगायचं तर त्यांनीच सांगावं.

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी ग्लासातल्या पाण्याकडे. पाण्यात काहीतरी तरंगत होतं. बाईंनी विचारलं, अध्यक्षांना काही बोलायचं आहे का? मी म्हटलं, साक्षीदारावर नावं घेण्यासाठी जबरदस्ती करता येणार नाही, हे मी अध्यक्ष म्हणून स्पष्ट करतो. अशा रीतीने टेपला मी वाचवलं.

बाहेर पॅसेजमध्ये तो थांबला होता. साहेब, अजून किती दिवस लागतील, डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. म्हटलं, न्यायाला वेळ लागतो, धीर धर. तो ‘बरं’ म्हणाला.

रात्री जेवण गेलं नाही. अॅसिडिटी असावी.

२६ सप्टेंबर, गुरुवार.

माल चढवायच्या धक्क्यावर गेलो होतो, गाडी किती भरली ते बघायला. टेप खोक्यांच्या थप्पीमागे उभा राहून फोनवर बोलत होता. त्याला मी दिसलो नाही. बायकोशी बोलत असावा. सांगत होता, होईल गं, साहेबांनी शब्द दिलाय, ते माझ्यासाठी वरपर्यंत भांडतायत, तू काळजी करू नकोस.

मी गाडी न बघताच परत आलो. लाज वाटली. इथे दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. खूप लाज वाटली.

मग विचार केला, तो खोटं काय बोलला? मी भांडतोच आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी.

हिला सगळं सांगितलं. तत्त्व म्हणून, नाव न घेता. समजा एक मॅनेजर आहे. तिने चहा ओतता ओतता विचारलं, त्या समजा मॅनेजरने अजून सांगितलं का नाही? म्हटलं, प्रश्न व्यापक आहे. ती म्हणाली, एक वाक्य लिहायचंय, मी सांगितलं म्हणून त्याने केलं. व्यापक काय त्यात? वॉर्डात माझ्या सांगण्यावरून कुणी चुकीचा डोस दिला तर मी आधी डॉक्टरांना फोन करते, मग बाथरूममध्ये जाऊन रडते. आधी रडत बसले तर पेशंट जाईल.

म्हटलं, हॉस्पिटलचं वेगळं असतं. तिथे फक्त जिवाचा प्रश्न असतो, इथे धोरणाचा आहे.

ती कप उचलून आत गेली. माझा अजून प्यायचा होता.

तरीही ठरवलं. सोमवारी अहवालात सत्य लिहायचं. माझं नाव, माझ्या हाताने, पहिल्या पानावर. होऊ दे काय व्हायचं ते. मी घाबरत नाही.

३० सप्टेंबर, सोमवार.

अहवालाला प्रारंभ. शीर्षक: ‘जबाबदारी: एक समग्र दृष्टिकोन’. नुसतं सत्य एकदम लिहिलं तर ते उघडंबोडकं वाटतं. त्याला पार्श्वभूमी हवी. पहिलं प्रकरण व्यवस्थापनशास्त्राचा उगम. दुसरं, ऑनलाइन परीक्षांच्या मर्यादा. सत्य सहाव्या प्रकरणात घेतो, तोवर वाचणाऱ्याचं मन तयार होईल. ‘प्रणालीतील त्रुटी’ हा शब्दप्रयोग फार उपयोगी आहे, जागोजाग बसतो.

पान क्रमांक काही केल्या येईनात. एकदा सगळ्या पानांवर चारच आला. आरोपीकडून आरोपाच्या अहवालाचं काम करून घेणं संहितेत बसेल का, यावर विचार केला. क्रमांक म्हणजे मजकूर नव्हे. टेपला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत टाकून दिले. वाचलं असावं थोडं. शीर्षक चांगलं आहे साहेब, म्हणाला.

मग तो गेला नाही, तिथेच उभा राहिला. साहेब, थोडं बोलायचं होतं. मी हात वर केला. म्हटलं, चौकशी पूर्ण होईपर्यंत अध्यक्ष आणि साक्षीदार यांनी खासगीत बोलणं योग्य नाही. नियम म्हणजे नियम, माझ्याच माणसासाठी मोडला तर लोक काय म्हणतील?

‘बरं,’ म्हणाला.

बाईंच्या मेल येतच आहेत. तीन स्मरणपत्रं आणि आज आणखी एक काहीतरी. न उघडताच ‘दबाव’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या. दबावाखाली मी काम करत नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार.

मोठा निर्णय. अहवाल वगैरे बाजूला. उद्या सरळ मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन छातीठोकपणे सांगणार. मी सांगितलं, त्याने केलं. काय शिक्षा करायची ती मला करा. खिशात राजीनामा तयार ठेवणार. तो स्वतः टाइप केला. ‘राजीनामा’ दोनदा चुकलं, पण भावना पोचतात.

हिला म्हटलं, उद्यापासून कदाचित मी घरी असेन. ती म्हणाली, सांगून या आधी.

२ ऑक्टोबर, बुधवार.

गांधी जयंती असूनही तातडीच्या ऑर्डरसाठी कारखाना चालू होता, आणि मोठे साहेब दिवसभर मशीनपाशीच होते. इतकी गंभीर गोष्ट कटिंग मशीनच्या खडखडाटात ओरडून सांगणं शोभलं नसतं. शिवाय निळा शर्ट इस्त्रीला गेलाय.

३ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी.

आज भाषणाला आकार दिला. असंच उठून जाऊन सांगण्यात अर्थ नाही, मुद्दे क्रमाने आले पाहिजेत. दुपारी दार लावून घेतलं, बाहेर कागद चिकटवला, ‘चौकशी चालू आहे, व्यत्यय नको’, आणि जबाबदारी या विषयावर डोळे मिटून सखोल चिंतन केलं. फार शांत वाटलं.

मधेच बाहेर गलका झाल्यासारखा वाटला. हसणं, टाळ्या, कप वाजल्याचा आवाज. मग एकदम सगळं चिडीचूप. कामाच्या वेळेत मेजवान्या. माझी नजर जरा दुसरीकडे वळली की शिस्तीचे तीन तेरा. उद्याचा एक दिवस जाऊ दे, मग बघतो एकेकाला.

उद्या नक्की. शर्ट आला आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार.

गेलो. सांगितलं. भाषण बाजूलाच राहिलं, दारातूनच बोलून टाकलं. साहेब, माझी परीक्षा टेपने दिली, मी सांगितलं म्हणून दिली, दोष त्याचा नाही, माझा आहे. आणि ताठ उभा राहिलो. येऊ दे काय येतंय ते.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, आलात का तुम्ही, बसा. आवाजात राग नाही, आश्चर्य नाही. मला जरा विचित्रच वाटलं. बाकी सहा जण गेल्याच्या गेल्या सोमवारीच आले होते, म्हणाले. एकाच कागदावर सगळ्यांच्या सह्या. तुम्हालाही बरोबर घ्यायचं म्हणत होते, पण तुम्ही त्यांना केबिनबाहेर काढलंत म्हणे. मूळ तक्रारसुद्धा त्यातल्या हिशेबवाल्यानेच टाकली होती, त्याला चैन पडेना. सगळ्यांना ताकीद दिली, विषय संपवला.

मी विचारलं, आणि टेप? साहेब म्हणाले, त्याला कायम करायचं त्याच दिवशी ठरलं, पत्रसुद्धा टाइप झालं. पण समिती नेमलेली, अध्यक्षांच्या अहवालाशिवाय बाईंना ते देता येईना. एक ओळ पुरली असती हो. आम्ही तुमच्यासाठी थांबलो होतो.

मी खिशातून राजीनामा काढला. साहेबांनी बघितलाही नाही. ठेवा तो, गाड्या कोण भरणार, म्हणाले. आणि मला ताकीद दिली. बाकीच्यांना दिली तीच, नाव तेवढं बदलून.

हरकत नाही. मी तिथेच, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनने एक ओळ लिहिली. मी सांगितलं म्हणून त्याने केलं. सही ठोकली. कुणी म्हणू दे उशीर झाला, पण लिहिली की नाही? ते पान घेऊन तसाच एचआर बाईंकडे गेलो आणि म्हटलं, द्या ते पत्र, मी स्वतः नेऊन देतो त्याच्या हातात. बाईंनी कपाटातून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं, पण त्यावरचा हात उचलला नाही. त्याची मुदत तीस तारखेला संपली, म्हणाल्या. वाढवून घेत नाही असं त्याने कळवलं होतं. खालचं काम आवरून देतो म्हणत आणखी तीन दिवस आला, काल शेवटचा दिवस होता. तुम्हाला मेल केली होती.

माझा विश्वास बसेना. धक्क्यावर गेलो, जवळजवळ धावतच. टेपच्या टेबलावर फोर्कलिफ्टवाला बसून गाड्यांची नोंद करत होता. टेपच्याच पद्धतीने, रांगेने, नीट. तो म्हणाला, दुसऱ्या खोक्यांच्या कारखान्यात लागला तो, पहिल्या दिवसापासून कायम, बायकोचं पण कंपनी बघणार. काल दुपारी सगळ्यांनी मिळून त्याला चहा दिला. सहाही मॅनेजर होते.

म्हटलं, मला कुणी बोलावलं कसं नाही?

फोर्कलिफ्टवाला पेन फिरवत राहिला. मग म्हणाला, तो आला होता की वर तुम्हाला भेटायला, साहेब. दारावरचा कागद वाचला. आम्ही म्हटलं वाजव दार, साहेब आत नीतिमत्तेचं काम करतायत. त्याने दाराला कान लावून बघितलं, आणि आम्हालाच हळू बोलायला सांगितलं. साहेबांचा डोळा लागलाय म्हणाला, उठवू नका.